साडूच्या घरी तीन महिने

ज्याने ते सावळं रूप एकदा डोळे भरून पाहिलं, त्याचं मन पुन्हा संसारात परतत नाही. शास्त्रं हेच सांगतात, संत हेच सांगतात, आणि ब्रजभूमीतल्या बरसान्याच्या देवळात गेली पन्नास वर्षं छैलबिहारी गोसाईं पेटीवर बोटं ठेवून हेच सांगत आले होते. फाल्गुनातल्या सप्तमीच्या सकाळी मात्र त्यांच्या म्हणण्यात किंचित दुरुस्ती झाली. मन ठेवून घ्यायचं तर खुशाल घ्या, ते म्हणाले, पण माझा जावई परत करा. आणि त्याची मोटारसायकलसुद्धा.

जावयाचं नाव टीकम. कोसीला त्याचं दुकान होतं आणि आसपासच्या वीस गावांतले हापसे, मोटारी, पंप त्याच्या हाताखालून जात. मार्गशीर्षात नंदगावच्या नैनसुख गोसाईंनी त्याला बोलावलं. टेकडीच्या उतारावर त्यांचं घर आणि घरातच पिढीजात देऊळ. तिथला पंप बंद पडला होता. पंप तासाभरात सुरू झाला. काम झालं हे सांगायला टीकम हात पुसत चौकात गेला, नेमका त्याच वेळी पडदा सरकला, आणि समोर त्या घरचे कृष्ण, ठाकूर मनहरणजी, कमरेत वाकून, ओठाशी बासरी धरून उभे. टीकम खाली बसला.

तो अजून बसलेला होता. पहिले चार दिवस घरच्यांना वाटलं, पंप मोठा असेल.

आता एखाद्याचा जावई देवाच्या नादी लागला तर लोक त्याला भाग्यवान म्हणतात आणि हळहळतात. छैलबिहारींची पंचाईत वेगळी होती. बरसाना म्हणजे राधाराणीचं माहेर आणि नंदगाव तिचं सासर, आणि ही सोयरीक कुठल्या पोथीतली नव्हे, चालू खात्यातली आहे. बरसान्यातला जुना माणूस आजही नंदगावात पाण्याचा थेंब तोंडात घालत नाही, कारण लेकीच्या सासरी पाणी प्यायचं नसतं. होळीला नंदगावचे पुरुष ढाली घेऊन येतात, बरसान्याच्या बायका त्यांना काठ्यांनी बडवतात, आणि देवळात बसलेले बरसान्याचे गवई पदापदातून त्यांच्या पोराच्या, म्हणजे कृष्णाच्या, सात पिढ्यांचा उद्धार करतात. या गवयांचे मुखिया छैलबिहारी. त्यांनी उभ्या आयुष्यात कृष्णाची स्तुती म्हणून एक ओळ रचलेली नव्हती. काळा, चोरटा, तीन ठिकाणी वाकडा, आया दोन आणि बाप दोन. स्तुती करायला बाकीची दुनिया पडली आहे, ते म्हणत. जावयाचं कौतुक सासरवाडीने करायचं नसतं, त्याने तो बिघडतो.

आणि आता या एका जावयाने त्यांचा दुसरा जावई पळवला होता.

लेक चंपा माघाच्या सुरुवातीला कोसीहून माहेरी आली. रडली नाही. आल्या आल्या तिने डाळ निवडायला घेतली.

"होळीपर्यंत वाट बघते," ती म्हणाली. "होळीला ते घरी आले तर आले. नाहीतर धूळवडीला मी कोसीला जाऊन घराला कुलूप घालणार, दुकान दुसऱ्याला देणार, आणि मग ते आले तरी किल्ली मिळणार नाही."

"अगं, पण तो वाईट मार्गाला नाही लागला," छैलबिहारी तिला समजावू गेले. "देवाने ओढलं त्याला. गोपींचं नाही का..."

"बाबा, गोपींचं मला सांगू नका. तुमच्या मांडीवर बसून ऐकलंय मी. बासरी वाजली आणि चुलीवरचं दूध उतू जात असताना गोपी तशीच धावली, हे गाताना तुम्ही उपरण्याने डोळे पुसायचात. ते दूध नंतर कुणी पुसलं, हे तुमच्या एकाही पदात नाही."

पन्नास वर्षांत पदाला उत्तर सुचलं नाही असं छैलबिहारींचं पहिल्यांदाच झालं, आणि त्याचा त्यांना जो राग आला, तो लेकीवर काढता येण्यासारखा नव्हता. महिनाभर तो त्यांनी पेटीवर, पेटीच्या भात्यावर आणि साथीच्या पखवाजवाल्यावर काढला. होळी नवमीची. अष्टमीला बरसान्याहून नंदगावला गुलालाची हंडी जाते, होळी खेळायला या असं आमंत्रण घेऊन. सप्तमीला सकाळी छैलबिहारींनी डोक्याला पगडी बांधली, हातात काठी घेतली, आणि हंडी निघायच्या आतच सोयरीक मोडून टाकायला ते एकटे टेम्पोत चढले.

"मुखियाजी, तुमचे जावई म्हणजे अगदी पोहोचलेले," टेम्पोवाला आरशातून बघत आदराने म्हणाला.

"कुठे पोहोचलेत ते मला ठाऊक आहे. तिथंच चाललोय. तू पुढे बघ."

बरसान्याची हद्द संपते तिथे कडुलिंबाखाली एक हापसा आहे. नंदगावला जाणारे म्हातारे तिथे उतरतात, पोटभर पाणी पितात, आणि मग दिवसभर कोरडे राहतात. याला शेवटचं पाणी म्हणतात. छैलबिहारी उतरले, त्यांनी दांडा धरून चार वेळा हापसलं. हापसा दम्याच्या रोग्यासारखा खोकला, पाणी काही आलं नाही.

"उगीच दमू नका," डोक्यावर रिकामी कळशी घेऊन चाललेली एक बाई म्हणाली. "दोन महिने बंद आहे. आतलं वायसर गेलंय."

"मग दुरुस्त करून घ्यायला काय होतं?"

"करणारा होता एक कोसीचा. तो बैरागी झाला." तिने त्यांच्या पगडीकडे नीट पाहिलं. "तुमचाच ना हो तो?"

छैलबिहारी टेम्पोत चढले. म्हणजे नंदगावात उतरले तेव्हा पोटात राग होता आणि घशात काटे.

नैनसुखांच्या चौकात पडदा अजून बंद होता. पंधरा-वीस माणसं वाट बघत बसली होती. खांबाशी टीकम झेंडूची माळ ओवत होता. दाढी छातीवर आलेली, अंगात तीच निळी तेलकट मेकॅनिकची सदरा-विजार, त्यावर कुणीतरी घातलेली तुळशीची माळ. एक बाई त्याच्या पाया पडून गेली. त्याला ते कळलंही नाही. कोपऱ्यात त्याची अवजारांची पिशवी तीन महिने जिथे टेकवली होती तिथेच होती. तिच्यातून बाहेर आलेल्या मोठ्या पान्याला कुणी भाविकाने कुंकू लावलं होतं आणि पुढे उदबत्ती खोचली होती.

"जावईबापू," छैलबिहारी म्हणाले, "पंप झाला का दुरुस्त?"

टीकमने वर पाहिलं, माळ बाजूला ठेवली आणि वाकून नमस्कार केला. "बाबा, तुम्ही? चंपा बरी आहे ना?"

"कोण चंपा?"

टीकमने दाढीवरून हात फिरवला.

"नाही, आठवतंय का ते बघत होतो. बरी आहे. तुमचं दुकान विकायला काढणार आहे. धूळवडीला घराला कुलूप लागतंय, तेवढं सांगायला आलो. तुम्ही चालू द्या तुमचं."

"बाबा, मी निघतो. खरं सांगतो, रोज निघतो." टीकमचा आवाज अगदी साधा होता, पंपाचा बिघाड सांगावा तसा. "सकाळचा पडदा पडला की उठतो, पिशवी उचलायला जातो. मग वाटतं, दुपारी झोपून उठल्यावर कसा दिसतो तेवढं बघावं आणि जावं. तेवढं बघतो. मग वाटतं, संध्याकाळचा दिवा तोंडावर पडला की..." त्याने हात उलटे केले. "मन निघत नाही हो. आटे घासलेल्या नटासारखं झालंय. फिरतं, पण सुटत नाही."

"कुणाच्या घरी बसलायत याची तरी शुद्ध आहे का?"

"देवाच्या."

"देवाच्या म्हणे." छैलबिहारींनी काठी फरशीवर आपटली. बसलेली माणसं वळली. "चंपा बरसान्याची लेक. म्हणजे राधाराणीची कोण लागली?"

"बहीण."

"आणि त्या बहिणीचा नवरा तुमचा कोण लागला?"

टीकमने पडद्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून नात्यांच्या गणितात ही बेरीज त्याने कधी केली नव्हती.

"साडू," तो हळूच म्हणाला.

"साडू. साडूच्या घरी माणूस किती दिवस राहतो? लग्नकार्यात एक रात्र. फार झालं तर दोन. तीही जेवण आमच्याकडे चांगलं होतं असं ऐकवण्यासाठी. तीन महिने साडूच्या ओसरीवर बसून साडूच्या ताटातला प्रसाद खाणारा माणूस ब्रजभूमीत तुम्ही पहिले. दाढी वाढवल्याने नातं बदलत नाही, जावईबापू."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. टीकमचे कान लाल झाले. तीन महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर आलेला हा पहिला ऐहिक रंग.

तेवढ्यात आत घंटा वाजली आणि पडदा सरकला. चौकातली माणसं एकदम उठली, जणू एकाच दोरीने ओढली. शृंगार झाला होता. पिवळा जामा, डोक्याला तिरका मोरपिसांचा मुकुट, गालांवर चंदनाचे ठिपके. टीकमही उठला, आणि उठता उठता साडूबिडू सगळं त्याच्या चेहऱ्यावरून पुसून गेलं. छैलबिहारींनी ते पाहिलं. ते माणसं बाजूला सारत थेट उंबऱ्याशी गेले.

"ए काळ्या," ते म्हणाले. "इकडे बघ. बरसान्याहून आलोय. आज पद आणलेलं नाही, आज सरळ बोलायचंय."

कुणी त्यांना अडवलं नाही. बरसान्याच्या माणसाने नंदगावात येऊन देवाला शिव्या घालणं यात कुणाला काही वावगं वाटत नाही; उलट दोघे-तिघे नीट ऐकू यावं म्हणून पुढे सरकले.

"तुला कमी काय होतं रे? राजे आले तुझ्या दारात, साधू आले, सातासमुद्रापलीकडून माणसं येतात. त्यात कोसीचा एक पंप दुरुस्त करणारा नसता आला तर तुझं काय अडलं असतं? एवढं देखणं असायची गरज काय होती? देखणेपणा असावा, पण बेताचा. बेताचा देखणा असतास तर लोक आले असते, हात जोडले असते आणि जेवायच्या वेळेला आपापल्या घरी गेले असते. तुला ते नको. तुला माणूस सबंध पाहिजे. तुझ्यापायी घरोघरच्या चुली विझल्या, ते मीच गायलो. पन्नास वर्षं गायलो, आणि गाताना त्यातल्या एकाही घराची मला दया आली नाही. सूर चांगला लागला म्हणून मी खूश." इथे त्यांचा आवाज फाटला, तो त्यांनी खाकरून जागेवर आणला. "आज ती चूल माझ्या लेकीची आहे. म्हणून सांगतो, संपलं. उद्या हंडी येणार नाही. परवा तुझ्या माणसांनी ढाली घेऊन यायचं नाही. आमची राधा आम्ही परत बोलावतो. आजपासून तू आमचा जावई नाहीस आणि आम्ही तुझे कुणी नाही."

गाभाऱ्याच्या दारातून भिंत चाचपत नैनसुख गोसाईं बाहेर आले. नाव नैनसुख आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू; यावर छैलबिहारींनी तीन पदं रचली होती आणि नैनसुखांना तिन्ही पाठ होती. आताशा ते ठाकूरजींचा शृंगार बोटांच्या अंदाजाने करत.

"व्याही का?" ते म्हणाले. "आवाज ओळखला. शिव्या आज गद्यात आहेत, प्रकृती बरी आहे ना?"

"सोयरीक मोडली, नैनसुख. ऐकलंत ना?"

"ऐकलं. टेकडीच्या माथ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मोडली तर मोडली. पण आलाच आहात तर जाताना एक काम करा. टिळा सरळ आलाय का तेवढं सांगा. मला दिसत नाही, आणि या लोकांना विचारलं तर सगळे 'वा, काय रूप' म्हणतात. चूक सांगेल असा माणूसच नाही गावात. हा तुमचा टीकम तर बोलतच नाही, नुसता श्वास सोडतो."

छैलबिहारींनी नाइलाजाने मान वर केली.

"टिळा सरळ आहे," ते म्हणाले. "मुकुट वाकडा आहे."

"तो मुद्दाम."

"मुद्दाम किती असावा याला माप असतं. दोन बोटं तिरका असावा, तुम्ही तीन केलाय. शेंबड्या पोराने दुसऱ्याची टोपी घातल्यासारखा दिसतोय. डाव्या कानातलं फूल उलटं बसलंय. जाम्याची दुसरी चुणी फुगलीय, त्यामुळे गुडघ्याचा बाक दिसत नाही, आणि त्या वाकड्याचा बाक झाकून उरतं काय? गालावर ठिपके सहाच आहेत. उजव्या गालावर सात लागतात. सातवा ओठाच्या कोपऱ्याशी, जिथे हसू सुरू होतं त्याच्या एक तीळ अलीकडे. तो नसला की हसू कुठून सुरू झालं ते कळत नाही, आणि माणूस शोधत बसतो. डावी भुवई..."

"ती घडवतानाच तशी आहे."

"ठाऊक आहे मला. तांदळाच्या दाण्याएवढी वर आहे. मी बावीस वर्षांचा होतो तेव्हापासून वर आहे. वाटतं, आता खाली येईल, आता काहीतरी बोलेल. येत नाही. निर्लज्ज."

नैनसुखांनी आत वळून फूल सुलट केलं, चुणी दाबली, मुकुट एक बोट सरळ केला आणि चंदनाच्या वाटीत करंगळी बुडवून विचारलं, "कुठे म्हणालात?"

"अजून खाली. अजून. पुरे. टेकवा." छैलबिहारींनी श्वास रोखून धरला होता, तो सोडला. "हां."

छैलबिहारी तिथेच उभे होते. आपण किती वेळ उभे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांना नव्याने संताप आला, आणि तो जवळ उभ्या असलेल्या टीकमवर निघाला.

"तीन महिने बघताय म्हणे. सहा ठिपके आहेत की सात, कळलं होतं का तुम्हाला?"

"नाही, बाबा," टीकम म्हणाला. "मोजायला घेतलं होतं एकदा. तिसऱ्याच्या पुढे जाता आलं नाही."

यावर बोलण्यासारखं छैलबिहारींकडे पुष्कळ होतं, पण घसा इतका सुकला होता की शब्दाऐवजी खोकला आला. एक आला, मग दुसरा, मग खोकल्याची ती उबळ थांबेचना. कडुलिंबाखाली राहिलेलं शेवटचं पाणी आता आठवत होतं. नैनसुख आत गेले आणि तांब्याभर पाणी घेऊन आले. तांब्या बाहेरून ओला होता. टीकमने सुरू केलेल्या पंपाचं पाणी, गार.

"घ्या," ते म्हणाले.

"नैनसुख, काय हे? मी बरसान्याचा."

"म्हणून काय झालं? सोयरीक मोडली ना तुम्ही? मग हे काही आता तुमच्या लेकीचं सासर नाही. एक परकं गाव, एक परकं घर. वाटसरूने पाणी प्यावं, त्यात काय. मीही निवांत झालो एकदाचा, पन्नास वर्षं तुम्हाला कोरडं पाठवायचं म्हणजे जिवावर यायचं."

सगळा चौक बघत होता. छैलबिहारींनी तांब्या घेतला. आत पाण्यात छताचा चौकोन हलत होता. त्यांनी तांब्या हनुवटीपर्यंत नेला. त्यांच्या वडिलांनी या गावात पाणी घेतलं नव्हतं, आजोबांनी घेतलं नव्हतं; एका उन्हाळ्यात आजोबांना इथे भोवळ आली तेव्हा त्यांना बाजेवर घालून कडुलिंबापर्यंत नेलं आणि तिथे पाणी पाजलं. एक घोट. एक घोट घेतला की झालं. मग राधा आपली पोर नाही, हा काळा आपला नाही, त्याला काही बोलायचा हक्क नाही, आणि त्याच्या भुवईशी आपला काही संबंध नाही.

त्यांनी वर पाहिलं. भुवई तिथेच होती, तांदळाच्या दाण्याएवढी वर.

तांब्या त्यांनी उंबऱ्यावर ठेवला, सांडणार नाही असा नीट.

"हलकट," ते देवाला म्हणाले. राग गेला नव्हता. राग होता तिथेच होता, फक्त आता तो पुन्हा घरचा झाला होता.

"हंडी मग उद्या येईल ना?" नैनसुखांनी विचारलं.

"येईल. आणि परवा तयारीने या. तुमच्या या कार्ट्यासाठी असं पद रचणार आहे की नंदबाबा कानात बोटं घालतील." ते काठीवर भार देऊन वळले. दोन पावलं गेले आणि थांबले, कारण घसा खरंच चालत नव्हता. टेम्पो दुपारी तीनशिवाय नव्हता, आणि देवळाबाहेर वाहन एकच उभं होतं, टीकमची मोटारसायकल, तीन महिन्यांची धूळ अंगावर घेऊन.

टीकम पडद्याकडे बघत होता. मग त्याने सासऱ्याच्या ओठांकडे पाहिलं. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"बाबा, निदान गुळाचा खडा..."

"साडूच्या घरचा? नको." छैलबिहारींनी पगडी सारखी केली आणि जमिनीकडे बघत, मागितल्यासारखं न वाटेल अशा बेताने म्हणाले, "जावईबापू, मला तेवढं शिवेपर्यंत सोडता का गाडीवर? तहान लागलीय. आणि तो पाना घ्या बरोबर, हापसा बंद आहे."